लोकरीतली खाडी : कामाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

ऐरोलीतल्या एका वाचनालयाच्या आतल्या, मुलांच्या खोलीत सहा फूट रुंद आणि साडेतीन फूट उंच भिंत मोकळी आहे. तिथे लोकरीचं काहीतरी करून द्याल का, असं विचारलंय. विषय त्यांनीच दिला : आपली खाडी. त्यापाठोपाठ दुसरा शब्द आला, फ्लेमिंगो. मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले.

फ्लेमिंगो मला आवडतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि या दोन्हीमागे त्या पक्ष्यांचा मोठा वाटा आहे. पण नवी मुंबईत पुलाखाली, चौकात, गटाराच्या भिंतीवर, जिकडे तिकडे गुलाबी पक्षी रंगवलेले आहेत. ज्या चिखलात ते चोच घालून उभे असतात तो कोणी काढलेला मी पाहिला नाही. मला तो चिखल करायचाय.

८ डिसेंबर

वाचनालयात जाऊन सांगितलं. थोडी शांतता पसरली. मग सचिवांनी विचारलं, "चिखल भिंतीवर बरा दिसेल का हो, ताई?" एक नमुना करून दाखवते, न पटल्यास थांबू, एवढ्यावर ठरलं.

१५ डिसेंबर, रविवार

भिवंडीच्या पुढे धनगरांचा एक वाडा उतरलाय, असं ओळखीच्या दूधवाल्यांनी सांगितलं होतं. दिवाळी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. भात कापून झालेल्या शेतात मेंढरं बसवतात, शेताला लेंड्यांचं खत मिळतं आणि धनगरांना धान्य किंवा पैसे. पावसाच्या आधी सगळा वाडा परत घाटावर चढतो.

पालापाशी एक आजी होत्या. लोकर विकत हवीय म्हटल्यावर त्यांना पटेना. "काय करायची ती? कुणी घेत न्हाई आता. न्या तशीच, पोती तुमची आना." पूर्वी कातरणी झाली की सनगर घरी येऊन लोकर घेऊन जायचे, घोंगडी विणायचे. आता कातरायची मजुरीही सुटत नाही, लोकर बांधावर टाकून देतात. मी पैसे दिले. आजींनी ते घेतले आणि वर मूठभर जावळ दिलं. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरणी. ते इतकं मऊ असतं, की काळ्या राठ ढिगात हात घालून काढलं तरी बोटांना वेगळं कळतं.

७ किलो लोकर मिळाली. बहुतेक काळी, थोडी करडी, थोडी मळक्या पांढऱ्या रंगाची.

२२ डिसेंबर

धुलाई. आधी नुसत्या गार पाण्यात रात्रभर भिजवली. माती आणि घामाचे क्षार तिथेच निघाले, पाणी चहासारखं झालं. मग हाताला सोसवणार नाही एवढ्या गरम पाण्यात साबण घालून बुडवून ठेवली. इथे हात आवरावा लागतो. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की लोकर तिथल्या तिथे आवळून गोळा होते. तसं आता होऊन चालणार नाही, ते नंतर हवंय. नुसतं दाबायचं, उचलायचं, तितक्याच गरम दुसऱ्या पाण्यात सोडायचं. मेरिनो या मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीच्या मानाने दख्खनी मेंढीच्या लोकरीत चरबी कमी असते, त्यामुळे दोन पाण्यांत काम झालं. कुसळं आणि गोखरू मात्र धुऊन जात नाहीत, ते एकेक वेचायचे.

वाळल्यावर साडेचार किलो भरली. बाल्कनीला दोन दिवस मेंढवाड्याचा वास होता. शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी निवडायला येऊन बसल्या.

२९ डिसेंबर

नमुने. ३० × ३० सेंमीचे दोन चौकोन मांडले. एक जवळ असलेल्या मेरिनोचा, दुसरा काळ्या लोकरीचा.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, सगळे शेंड्याच्या दिशेने झुकलेले. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट फिरताना अडतो. गरम पाण्याने आणि साबणाने खवले उघडतात. लाटलं, चोळलं की तंतू एकमेकांत पुढे पुढे घुसत जातात आणि परत येत नाहीत. म्हणून हे कापड, म्हणजे फेल्ट, विणावं लागत नाही आणि एकदा बसलं की उसवताही येत नाही. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला जेन नावाचं लोकरीचं अंथरूण करतात ते याच रीतीने : पिंजलेली लोकर थरांवर थर पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळून तुडवायची. काश्मीरचा नमदाही तसाच.

मेरिनो अर्ध्या तासात साडेएकोणीस सेंमीवर आली. काळी लोकर दीड तास लाटल्यावर साडेबावीसला थांबली. तिच्यात जाड, पोकळ, केसासारखे तंतू फार. ते धड बसत नाहीत, पृष्ठभागावर उभे राहतात. उजेडाकडे तिरपा धरून पाहिला तर ओल्या गाळावर असते तशी बारीक खडबड दिसते. मला हेच हवं होतं. मेरिनो या कामातून बाद.

५ जानेवारी २०२५

एक वाईट अनुभव. गाळातून वर येणाऱ्या तिवराच्या मुळांच्या टोकांना लावायला थोडी फिकट तपकिरी लोकर हवी होती, ती एका दुकानातून 'शुद्ध लोकर' म्हणून मागवली. साबणपाण्यात अर्धा तास चोळूनही पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची लड, जसाच्या तसा. मग चार तंतू चिमट्यात धरून काडी लावली. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि मागे राहिलेली राख बोटात चुरगळते. हे वितळलं, त्याचा काळा कडक मणी झाला. ॲक्रिलिक. दुकानात फेल्ट म्हणून मिळणारे रंगीत कागदासारखे तुकडेही बहुतेक असेच असतात. पैसे परत मिळाले नाहीत. नव्याने शिकणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं : आधी एक तंतू जाळून पाहा, मग किलो घ्या. कित्येक जणांना वाटतं, आपल्याच हाताला जमत नाही.

१३ जानेवारी, पौष पौर्णिमा

पौर्णिमा-अमावास्येला आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. सातला दिवा कोळीवाड्याच्या जेटीवर पोचले, तेव्हा पाणी नुकतंच वळत होतं. गाळ पार उघडा.

जाळं सोडवत बसलेल्या एका काकांना विचारून कडेकडेने थोडी पुढे गेले. वही काढली, पण पहिला पाऊण तास काही काढलं नाही.

दुरून गाळ एका रंगाचा वाटतो. जवळून वर पातळ तपकिरी-हिरवट साय असते, नखाएवढ्या जाडीची. काडीने ती खरवडली की खाली काळंभोर. खालच्या गाळात प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू गंधकाच्या क्षारांवर जगतात, त्यातून तो कुजक्या अंड्याचा वास येतो आणि लोहाशी संयोग होऊन गाळ काळा पडतो. वरच्या सायीला हवा लागते म्हणून ती तपकिरी. खेकड्याच्या आणि निवट्यांच्या, म्हणजे चिखलात राहणाऱ्या माशांच्या, प्रत्येक बिळाच्या तोंडाशी आतला काळा गाळ बाहेर आलेला.

आणि तिवराची मुळं. झाड एकीकडे, आणि त्याची मुळं वीतभर उंचीच्या पेन्सिलींसारखी गाळातून वर आलेली, शेकडो. जमिनीत हवा नाही म्हणून ती वर येऊन श्वास घेतात. अंगावर बारीक छिद्रं, आत स्पंजासारखा गाभा. एक पडलेलं मूळ हातात घेऊन दाबलं तर दबून परत वर आलं. फेल्टची दोरी दाबल्यावर हाताला अगदी असंच लागतं.

म्हणजे रीत गाळानेच सांगितली : खाली काळ्या लोकरीचे जाड थर, वर तपकिरीचा पातळ थर, आणि जिथे बीळ तिथे वरचा थर कापून काळं उघडं करायचं. परत येताना दूरवर रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, एक रांग होती. त्यांच्याकडे आज फारसं लक्ष गेलं नाही.

१९ जानेवारी

वाचनालयात नमुना दाखवला : फूटभर गाळ, तीन बिळं, पाच मुळं. सचिवांनी चष्मा वर करून बोट लावून पाहिलं. होकार मिळाला.

९ फेब्रुवारी

रंगाई. करडी-पांढरी लोकर ६०० ग्रॅम. आधी ९० ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तासभर मंद आचेवर, गार होईपर्यंत तशीच ठेवली. मग १८० ग्रॅम काताच्या पाण्यात. उकळी येऊ द्यायची नाही, पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बारीक. कातावर विड्यासारखा लालसर तपकिरी रंग आला, सुंदर, पण तो खाडीचा नव्हे. शेवटी १२ ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात दहा मिनिटं बुडवली. लोखंड लागताच लाली मेली, शेवाळी तपकिरी उतरली. हिराकस याहून जास्त घालू नये, लोकर ठिसूळ होते. भांडी स्वयंपाकातली वापरलेली नाहीत, ती कायमची याच कामाची.

काकू म्हणाल्या, "पहिलाच रंग किती छान होता गं." खरंच होता. तो पुढच्या कामासाठी वहीत टाचून ठेवलाय.

मार्च, महिनाभर

मुळं. १४० करायची ठरवली. कुत्र्याचे केस विंचरायच्या दोन ब्रशांनी लोकर पिंजायची, पट्टी घट्ट गुंडाळायची, साबणाच्या हाताने पोळपाटावर लाटायची, आधी हलक्या हाताने आणि मग जोर लावून. वाळली की सुईकाम. सुई तीनधारी, धारांवर उलट्या खाचा. ती आत जाताना तंतू ओढून नेते, बाहेर येताना रिकामी येते. गाभ्याला ३६ नंबरची जाड सुई, टोकाला ४० नंबरची बारीक. खाली स्पंजाऐवजी तांदूळ भरलेली गोणपाटाची पिशवी ठेवली. स्पंज महिन्यात चुरा होतो, तांदूळ तसाच राहतो आणि सुई मोडत नाही. सुई सरळ आत घालायची आणि सरळच काढायची. तिरपी झाली की मोडते आणि मोडकं टोक आत राहतं, ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

एका मुळाला पाऊण तास. टोकाला जावळाचा पातळ वेढा, त्यामुळे शेंडा किंचित उजळ दिसतो. आजींनी दिलेली ती मूठ १४० शेंड्यांना पुरली.

हात चालू असताना पाझिरिकचे हंस आठवत होते. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात बर्फात गोठलेल्या थडग्यांतून फेल्टचे हंस निघाले, जवळजवळ २४०० वर्षांपूर्वीचे, आत भुसा भरावा तसे केस भरून उभे केलेले. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. मेंढपाळांच्या हातचं काम. लोकरीतून उभी आकृती करण्याची कल्पना किती जुनी आहे, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

१३ एप्रिल, रविवार

मोठा दिवस. सोसायटीच्या गच्चीवर सकाळी साडेसहापासून.

तयार तुकडा १८० × १०५ सेंमी हवा. पंचवीस टक्के आटणार, म्हणून मांडणी २४० × १४०. खाली बांबूची चिक, तिच्यावर जुनी चादर. काळ्या लोकरीचे पाच थर, एक आडवा एक उभा, एकूण दोन किलो. वाऱ्याच्या आधी हे उरकायचं होतं. त्यावर चकत्या : दुधाच्या पिशव्या धुऊन कापलेले ६४ गोल, रुपयापासून बशीपर्यंतच्या आकाराचे. प्लास्टिक मध्ये आलं की वरची लोकर खालच्या लोकरीला धरत नाही. कुठे कुठे चकती आहे त्याचा नकाशा आधी कागदावर उतरवला, कारण तपकिरी थर पसरला की त्या दिसेनाशा होतात. मग तपकिरी ६०० ग्रॅम, पाण्याकडच्या बाजूला विरळ, काठाकडे दाट.

वर मच्छरदाणीचं कापड, साबणाचं गरम पाणी, तळहातांनी दाबून हवा काढायची. मग पाइपाभोवती गुंडाळी करून लाटायला सुरुवात. आम्ही चौघी. तीनशे वेळा, उलगडून दिशा बदलून परत तीनशे. चारी बाजूंनी झालं तेव्हा अकरा वाजले होते आणि गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता. ओली गुंडाळी दोघींना उचलेना. काकूंनी कमरेत पदर खोचून पायाने लाटायला घेतलं आणि खरा जोर तिथून आला.

संध्याकाळी माप : १९६ × ११५. अजून आटायचंय, पण कापायला हीच वेळ बरोबर. पुरतं बसल्यावर कापलं तर कड कात्रीने कापल्यासारखी सरळ राहते. अर्धवट बसलेलं कापलं तर पुढच्या लाटण्यात कड स्वतःच गोल होते.

१४ एप्रिल

नकाशा पाहून ब्लेडने वरचा थर उघडला. पहिला छेद देताना मनात धाकधूक होती. बोटाने कड मागे सारली आणि आत गडद काळं दिसलं, अगदी त्या सकाळी काडीने खरवडल्यावर दिसलं होतं तसं. बराच वेळ तशीच बसून राहिले.

६३ चकत्या निघाल्या. एक सापडली नाही. ती आतच राहील.

कडांना साबण चोळून पुन्हा लाटणं. शेवटी १८१ × १०५.

१० मे

मुळं जोडून झाली. प्रत्येकाच्या बुडाशी तंतू मोकळे सोडले होते, ते सुईने गाळात उतरवले आणि मागून दोन टाके घातले. वाळलेल्या कामाचं वजन ३ किलो २०० ग्रॅम. हा आकडा नोंदवून ठेवला हे फार बरं झालं, ते पुढे कळेल.

२४ मे, शनिवार

साबणाचा अंश राहिला तर लोकर पिवळी पडते, कुबट होते, म्हणून शेवटचं धुणं आणि व्हिनेगरचं पाणी. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, हा माझा हिशोब. या आठवड्यात वळवाच्या सरी येऊन गेल्या होत्या, तरी मी थांबले नाही. ही चूक माझी.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबईत दाखल. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी. रात्रभर कोसळतोय. काम बैठकीच्या खोलीत दोरीवर, दोन पंखे लावून. वजन ५ किलो ९००.

३१ मे

४ किलो १००. हाताला कोरडं लागतं, पण लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी पोटात ठेवून कोरडी भासू शकते. हातावर भरवसा ठेवून आज गुंडाळून ठेवलं असतं तर सगळं काम कुजलं असतं. मागच्या बाजूला दोन ठिकाणी करडे ठिपके दिसले. बुरशी. व्हिनेगरने पुसले, मऊ ब्रशने झाडले.

वाचनालयात फोन केला. त्यांची संगणकाची खोली वातानुकूलित आहे, ती चार रात्री वापरू दिली. एसी ड्रायवर ठेवून दोन टेबलांवर आडवं पसरलं.

५ जून

३ किलो २५०. सुटले.

१५ जून

कसरीचा, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्याचा, बंदोबस्त. जर्मन कलावंत योझेफ बॉइस यांचा १९७० सालचा फेल्टचा सूट लंडनच्या टेट संग्रहालयाकडे होता. त्याला कसर लागली आणि तो संग्रहातून काढून टाकावा लागला. तिथे ही गत, तर आपलं काय. कसरीची अळी केराटिन हे केस-नखांतलं प्रथिन खाते, आणि लोकर म्हणजे केराटिनच. अंधार, घाम, धूळ आणि न हललेली घडी तिला आवडते. उरलेली लोकर पिशवीत बंद करून दोन आठवडे उणे १८ अंशांवर ठेवली. भिंतीवरच्या कामासाठी उपाय एकच : दर पंधरा दिवसांनी उतरवून मागची बाजू व्हॅक्युमने साफ करायची. वाचनालयाला तसं लेखी दिलंय. डांबरगोळ्या मुलांच्या खोलीत नकोत.

२२ जून

भिंतीवर लावलं. वर दोन कड्या.

६ जुलै, आषाढी एकादशी

गेले तर खालची कड मधोमध झुकलेली. मोजलं, १०८ सेंमी. हवेतला दमटपणा पिऊन वजन वाढलं आणि दोनच कड्यांवर सगळा भार. उतरवून घरी आणलं. मागच्या बाजूला मांजरपाटाचे दोन नेफे शिवले, एक वरच्या कडेला पूर्ण लांबीचा, एक मध्यावर. त्यांतून सागवानी पट्ट्या. भार आता सगळीकडे सारखा.

१३ जुलै

पुन्हा लावलं. आठवडाभर रोज माप घ्यायला सांगितलंय.

२० जुलै, रविवार

माप १०५, हललं नाही.

आज जेटीवरचे ते काका आले होते, मीच बोलावलं होतं. बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. बिळांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही निवट्याची, ही चिंबोरीची." मी चकत्या कापताना आकार वेगळे ठेवले होते, पण कुठलं कोणाचं हे मलाही इतकं नक्की ठाऊक नव्हतं. मग उजव्या खालच्या कोपऱ्याकडे आले. "पन बाय, इथं एवढी मुळं नसतात. इथं पानी थांबतं. झाडाजवळ दाट, पान्याकडं विरळ होत जातात."

वही काढून पाहिली. जानेवारीतल्या चित्रात ती तशीच विरळ होती. कोपरा रिकामा दिसेल म्हणून मीच भरला होता.

तिथेच बसून मागचे टाके उसवले आणि अकरा मुळं काढली. काका शेजारी खुर्चीवर बसून एकेक मूळ हातात घेऊन दाबून पाहत होते. मुळं निघाली तिथे तपकिरी थर ओरबाडला जाऊन अकरा लहान काळे डाग उरले. काकूंनी विचारलं, बुजवायचे का. काकाच म्हणाले, राहू द्या, खेकडे येतील.